हळू बोला, म्हणजे ऐकू येईल

लोकलच्या दारात उभा राहून एकजण फोनवर ओरडत असतो. "हॅलो! हॅलो! आवाज येतोय का?" अख्ख्या डब्याला येत असतो. ज्याला यायला हवा, त्याला नाही.

ओरडून काही होत नाही. घशाचा जोर टॉवरपर्यंत जात नाही. फोन बोलण्याचे आकडे करतो आणि आकडेच पाठवतो. कुजबुजा किंवा किंचाळा, त्याला दोन्ही सारखंच.

टॉवरकडे किती जोराने पाठवायचं, हे वेगळंच ठरतं. नेहमीच्या 4जी फोनला कमाल मुभा 0.2 वॉटची. देवघरातला झिरोचा एलईडी बल्बसुद्धा याहून जास्त वीज घेतो. आणि किमान? त्या 0.2 वॉटच्या 20 लाखाव्या हिश्शापर्यंत खाली उतरायची तयारी फोनला ठेवावी लागते.

20 लाख पट! एवढी लांब शिडी कशाला? सरळ पूर्ण जोर लावून मोकळं का होत नाही?

कारण टॉवरखाली तुम्ही एकटे नसता.

रिलायन्सचे आणि टाटा इंडिकॉमचे जुने फोन आठवा. त्यातलं तंत्र होतं सीडीएमए. सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलायचं. ओळख फक्त प्रत्येकाच्या वेगळ्या कोडची. एकाच मांडवात कुणी मालवणी बोलतंय, कुणी अहिराणी, कुणी वऱ्हाडी. आपल्या बोलीचा माणूस कानाला गर्दीतही सापडतो. पण कानाशी येऊन कुणी अहिराणीत ओरडू लागला की लांबची मालवणी मेलीच.

टॉवरचं हेच दुखणं होतं. मोकळ्या जागेत अंतर दहापट झालं की सिग्नल शंभरपट क्षीण होतो. मध्ये इमारती आल्या, डोंगर आला, तर हजारपट, दहा हजारपट. म्हणजे टॉवरच्या पायथ्याशी उभा असलेला माणूस काहीही गुन्हा न करता लांबच्या शंभर जणांचा आवाज दाबू शकतो. गुन्हा एवढाच, की तो जवळ आहे.

1980 च्या दशकाच्या शेवटी सॅन डिएगोच्या क्वालकॉमने हे तंत्र मोबाइलसाठी पुढे आणलं, तेव्हा शंका घेणारे थोडे नव्हते. उत्तर एकच होतं: शिस्त. 1993 च्या मानकात टॉवर प्रत्येक फोनला सेकंदाला 800 वेळा सांगू लागला, 'वर' नाहीतर 'खाली'. 3जीत हे हुकूम सेकंदाला 1500 झाले. तुमचं 'हॅलो' तोंडातून बाहेर पडेपर्यंत फोनने शेकडो वेळा ऐकलेलं असायचं.

4जीत काय बदललं? एका टॉवरखालच्या फोनना वेगवेगळे तुकडे वाटून दिले, म्हणून घरातलं भांडण मिटलं. पण शेजारचा टॉवर त्याच फ्रिक्वेन्सीवर चालतो. घरातलं मिटलं, बांधावरचं राहिलं.

आणि बांधावरचं भांडण कसं असतं, हे महाराष्ट्राला समजावून सांगायला हवं का?

इथे गेम थिअरी येते. नावात 'गेम' आहे म्हणून पत्ते आणि बुद्धिबळ डोळ्यांपुढे आणू नका. माझी चाल तुमच्या चालीवर अवलंबून आणि तुमची माझ्या, असं जिथे असेल तिथे हा खेळ आहे. रस्त्यावरचा हॉर्न हा खेळ आहे. फोनचा जोरही.

प्रिन्स्टनच्या जॉन नॅशने 1950 मध्ये एक साधी, भेदक गोष्ट सिद्ध केली. अशा खेळात खेळाडू आणि त्यांच्या चाली मोजक्या असल्या, तर निदान एक मुक्काम असा असतोच, जिथून एकट्याने हलून कुणाचाच फायदा होत नाही. मात्र कधी कधी चाली फासे टाकून निवडाव्या लागतात. याला नॅश समतोल म्हणतात. 1994 मध्ये नॅशला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. समतोल म्हटलं की लोकांना वाटतं, सगळं आलबेल.

चूक. समतोल म्हणजे फक्त 'अडकलो'.

लग्नाचा हॉल आठवा. बँड वाजतोय, म्हणून तुम्ही मोठ्याने बोलता. तुम्ही मोठ्याने बोलता, म्हणून शेजारचे काका आणखी मोठ्याने. दहा मिनिटांनी सगळ्यांचे घसे बसलेले आणि ऐकू तेवढंच येतंय, जेवढं हळू बोलून आलं असतं. मग एकटा हळू का बोलत नाही? कारण त्याचं कुणालाच ऐकू जाणार नाही. समतोल आहे. घसा मात्र बसलाय.

न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठात डेव्हिड गुडमन आणि नारायण मंडायम यांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस नेमकं हेच गणितात मांडलं. त्यांनी फोनला एक साधा स्वार्थ दिला: बॅटरीच्या प्रत्येक ज्यूलमागे जास्तीत जास्त बिट पोचवायचे. मग प्रत्येक फोनला मोकळं सोडलं.

काय झालं? फोन समतोलाला पोचले. पण त्या समतोलात सगळ्यांनी एकाच प्रमाणात जोर थोडा कमी केला, तर प्रत्येकाचा फायदा होतो, हेही गणिताने दाखवलं. काहींचा नव्हे, सरासरीचा नव्हे. प्रत्येकाचा. आणि तरी एकटा कुणी तो कमी करत नाही.

'ज्याने त्याने आपलं बघावं, सगळ्यांचं आपोआप भलं होईल' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना हे गणित दाखवा. आपोआप काही होत नाही. आपोआप फक्त घसा बसतो.

मग सगळं वरून ठरवावं का? एक मोठा संगणक, त्याला सगळी माहिती, तो प्रत्येकाचा जोर ठरवणार. ऐकायला छान. पण त्यासाठी प्रत्येक फोनपासून प्रत्येक टॉवरपर्यंतचा सिग्नल क्षणाक्षणाला माहीत हवा. माणूस एसटीत बसलाय, गाडी खंबाटकीच्या बोगद्यात शिरली. हिशेब मांडून होईपर्यंत बोगदा संपलेला असतो.

बेल लॅब्सच्या जेरार्ड फोशिनी आणि झोरान मिल्यानिक यांनी 1993 मध्ये मधली वाट दाखवली. कुणी कुणाचं काही विचारायचं नाही. प्रत्येक फोनने फक्त स्वतःचं बघायचं: गोंगाटाच्या तुलनेत माझा आवाज जेवढा हवा तेवढा पोचतोय का? निम्मा पोचत असेल तर जोर दुप्पट करा. दुप्पट पोचत असेल तर निम्मा. बस.

एवढ्यावर सगळं जागच्या जागी बसतं आणि तेही कमीत कमी जोरात. शहाणपणाची गोम 'दुप्पट करा'त नाही. ती 'निम्मा करा'त आहे. पुरेसं झालं की थांबायचं, हा नियमाचा अर्धा भाग आहे.

हा अर्धा भाग आपल्याला कुठल्याच खेळात आवडत नाही.

आणि एक अट आहे, ती बारीक अक्षरातली नव्हे. सगळ्यांची मागणी मिळून भागण्याजोगी असेल, तरच हे जमतं. नसेल, तर फोन दुप्पट करत करत कमाल जोराला जाऊन आदळतात, बॅटरी संपते आणि कित्येकांची मागणी भागतच नाही. मग कुणाला तरी 'थांब' म्हणावं लागतं. गणित त्याचं नाव सांगत नाही. ते माणसांनी सांगायचं असतं.

दुसरा उपाय किमतीचा. रटगर्सच्याच मंडळींनी, त्यांत जेम सारायदारही होते, 2002 मध्ये तो नीट मांडला. टॉवरने जोराला भाव लावायचा. रुपये नव्हेत; हिशेबातला एक आकडा. फोनने जितका जोर लावावा तितका त्याच्या फायद्यातून वजा. दुसऱ्याला होणारा त्रास स्वतःच्या खात्यात दिसू लागला की फोन शहाणा होतो. जोर उतरतो आणि एकूण सगळ्यांचं बरं होतं. ब्रिटनच्या आर्थर पिगूने 1920 मध्ये धुराड्यांच्या धुरासारख्या गोष्टींसाठी हाच विचार मांडला होता. धूर दिसतो तरी. फोनचा धूर दिसत नाही.

मग प्रश्न सुटला? थांबा. भाव सगळ्यांना एक, पण जोर सगळ्यांना सारखा लागत नाही. टॉवरजवळच्याला थोडा पुरतो, लांबच्याला भरपूर लागतो. म्हणजे तोच भाव लांबच्याला जड जातो. कांद्याचा भाव सगळ्यांना एकच असतो. खिसा एकच नसतो.

हे सगळं वाचून वाटेल, फोन फार स्वार्थी. छे. फोन कारखान्यातून आज्ञाधारक होऊनच निघतो. मानकात लिहिलंय तसं वागतो, 'खाली' म्हटलं की खाली येतो. स्वार्थी खेळाडू फोनच्या बाहेर आहे.

तो बूस्टर विकत घेतो.

दुकानात रेंज येत नाही. ऑनलाइन एक डबी मिळते, दोन अँटेना, एक वायर. गच्चीवर लावली की चारही दांड्या हजर. मालक खूश. ही डबी नुसता त्याचा फोन मोठा करत नाही. तिच्या पट्ट्यातला सगळा कचराही मोठा करून टॉवरच्या कानात ओतते. टॉवरला गोंगाट वाढलेला दिसतो. तो इतर सगळ्या फोनना 'वर' म्हणतो. सगळ्यांची बॅटरी जास्त जळते, आणि जे आधीच कमाल जोरावर होते त्यांचा कॉल तुटतो.

एकाच्या चार दांड्या. गल्लीभर 'आवाज येतोय का?'

परवानगीशिवाय असा बूस्टर लावणं बेकायदा आहे. परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगू नये, हे या देशात 1933 च्या कायद्यापासून लिहिलेलं आहे. त्याची जागा घेण्यासाठी 2023 चा दूरसंचार कायदा केला आहे. तरीही डबी विकली जाते, घेतली जाते, गच्चीवर चढते. कारण घेणाऱ्याचा हिशेब त्याच्यापुरता बरोबर असतो. नॅशने एवढंच तर सांगितलं होतं.

दुसरा खेळ सोसायटीच्या वार्षिक सभेत चालतो. विषय: गच्चीवरचा टॉवर. एक गट भाड्याकडे बघतो, दुसरा घाबरतो. ठराव होतो, टॉवर हलवा. हलतो. महिन्याभराने तेच सभासद तक्रार करतात, रेंज गेली.

भीतीची चेष्टा मी करणार नाही. पण हिशेब पुरता करा. भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली आहे. आणि टॉवर लांब गेला की जोर कोण वाढवतो? तुमचा फोन. तो गच्चीवर नसतो. तुमच्या कानाला लागलेला असतो.

प्रत्येकाला टॉवर हवा, शेजाऱ्याच्या गच्चीवर. प्रत्येकाला रस्ता हवा, दुसऱ्याच्या शेतातून. हाही समतोलच. कुणीच हलत नाही आणि कुणालाच काही मिळत नाही.

तर नियम हवा, इथपर्यंत आपण सगळे एकमताने आलो. आता खरा प्रश्न. नियम कशासाठी? कुणाच्या भल्यासाठी जोर वाटायचा?

दोन फोन घ्या. एक टॉवरजवळ, एक लांब. पहिली वाटणी: जवळच्याला 9, लांबच्याला 1. दुसरी वाटणी: जवळच्याला 5, लांबच्याला 4. चांगली कोणती?

बेरीज करणारा म्हणेल, पहिली. 10 विरुद्ध 9. नेटवर्कचा एकूण वेग जास्त, जाहिरातीत छापायला आकडा मोठा.

गुणाकार करणारा म्हणेल, दुसरी. 20 विरुद्ध 9. नॅशने 1950 मध्येच, वाटाघाटीच्या एका वेगळ्या निबंधात, हा गुणाकार मांडला होता. केंब्रिजच्या फ्रँक केलीने 1990 च्या दशकात इंटरनेटसाठी जो प्रमाणशीर न्याय मांडला, तोही मुळात गुणाकारच. 3जीपासून टॉवर पाळ्या वाटतात त्यामागेही हा विचार आहे.

गुणाकारात एक गोष्ट आहे, जी बेरजेत नाही. एकाला शून्य दिलंत की सगळ्यांचं शून्य होतं. बेरीज एखाद्याला विसरू शकते. गुणाकार विसरत नाही.

तिसराही एक पक्ष आहे. तो म्हणतो, सगळ्यात मागे असलेल्याकडे बघा, आधी त्याचं वाढवा. तिन्ही पक्षांकडे चोख गणित आहे. तिन्ही बरोबर सुटतात. निवड करताना मात्र गणित गप्प बसतं.

आणि निवड झालेली असते. तुम्हाला न विचारता.

4जीच्या मानकात एक आकडा आहे. शून्य ते एक यांच्यातला. मधल्या पायऱ्या 0.4 पासून 0.9 पर्यंत. लांब गेल्यामुळे सिग्नलची जी घट होते, तिची किती भरपाई फोनने जोर वाढवून करायची, हे तो सांगतो. एक ठेवलात, तर लांबचा फोन पूर्ण भरपाई करतो आणि जवळच्याइतकाच ऐकू येतो. पण बांधापलीकडच्या टॉवरला त्याचा त्रास होतो. कमी ठेवलात, तर लांबच्याला 'तू हळूच बोल' असं सांगितलं जातं. गोंगाट घटतो, एकूण वेग वाढतो. बांधावरच्या माणसाचा वेग उतरतो.

वाईट हेतू कुणाचाच नाही. पूर्ण भरपाई दिली तर शेजारच्या टॉवरखालचा बांधावरचा माणूस मार खातो, हे खरं आहे. पण हा आकडा म्हणजे निसर्गनियम नव्हे. तो वाटणीचा निर्णय आहे. पाण्याच्या पाळीसारखा. कालव्याच्या शेपटाला असलेल्या शेतकऱ्याला विचारा, वरच्यांनी 'एकूण उत्पादन' वाढवलं की त्याच्या चारीत काय येतं.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये कोकणातली मुलं ऑनलाइन वर्गासाठी डोंगर चढत होती. ज्या गावात टॉवरच नव्हता, तिथे कुठलाही आकडा बदलून काही झालं नसतं. तिथे टॉवरच हवा होता. पण जिथे टॉवर होता आणि गाव त्याच्या कडेला होतं, तिथे काय?

तिथलं कळणार कसं? आपल्या दूरसंचाराच्या नकाशावर मुंबई हे एक सर्कल आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह दुसरं. सेवेचा दर्जा कित्येक वर्षं सर्कलच्या सरासरीने मोजला गेला. भामरागड, पुणे आणि पणजी एकाच सरासरीत! तुटलेल्या कॉलची मर्यादा 2 टक्के. त्या 2 टक्क्यांत कोण आहे? प्रत्येकाचा पन्नासातला एक कॉल, की पन्नासातल्या एकाचे सगळेच कॉल?

सरासरी दोन्हींची एकच येते. आयुष्य दोघांचं एक नसतं.

म्हणून सरासरी नको, तळ सांगा. सगळ्यात वाईट जागी उभ्या असलेल्या फोनला किती मिळतं, तेवढंच सांगा. मोजमाप टॉवरनिहाय करा आणि लोकांना वाचता येईल असं छापा. कंपन्यांकडे ही माहिती नसते असं कुणी म्हणू नये. जो टॉवर फोनला सेकंदाला हजारदा 'वर-खाली' सांगत आला, त्याला कोण लांब आहे हे माहीत नसेल?

आणि आपणही एक करावं. डबी उतरवावी. गच्चीवरची, बेकायदा, 'माझ्यापुरती'. ती असेपर्यंत न्यायाची भाषा आपल्या तोंडी शोभत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये सगळ्यांत मोठ्याने ओरडणाऱ्याने शांततेचा ठराव मांडू नये.

राहता राहिला तो आकडा. शून्य ते एक यांच्यातला. कुणाच्या टेबलावर तो ठरतो, बेरजेसाठी ठरतो की गुणाकारासाठी, हे विचारण्याचा हक्क बांधावर उभ्या असलेल्या माणसाला आहे. टॉवरखाली उभ्या असलेल्याला हा प्रश्न पडणार नाही.

त्याला ऐकू येतंय.